मांडवातला अधिकार

ठाणे-रायगडच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण येते. गावातली नाहीतर शेजारच्या गावातली, पोक्त वयाची बाई. तिच्या हातात पोथी नसते. देवक बसवायचे, मांडवाला उंबराची डहाळी लावायची, हळद दळायची, नवऱ्या-नवरीला तेल चढवायचे, ह्या प्रत्येक कामाचे गाणे तिला पाठ असते आणि गाणे सुरू झाल्याशिवाय कामाला हात लागत नाही. कोणी पुढे यायचे, कोणी पाणी आणायचे, कोणत्या देवाला आधी बोलवायचे, हे ती गाण्यातूनच सांगते. गावदेवीपासून कार्ल्याच्या एकवीरेपर्यंत साऱ्यांना नावानिशी आवतण जाते. घरचा कर्ता पुरुष एरवी सरपंच असो की गोदामांचा मालक, तेवढा वेळ तो तिच्या सांगण्याप्रमाणे उठतो-बसतो. पूर्वी अख्खे लग्न धवलारीणच लावत असे, असे जुनी माणसे सांगतात. आता ती हळदीपुरती उरली आहे, आणि तिथेही दारात डीजेची गाडी लागली की तिचा आवाज मांडवाबाहेर जात नाही.

भिवंडी तालुक्यातल्या अंजूर आणि परिसरातल्या सामूहिक कलांची ओळख करून देताना मी तिच्यापासून सुरुवात करतो आहे, त्याला कारण आहे. ‘कलेच्या माध्यमातून विविधतेचा उत्सव आणि स्थानिकांचे सबलीकरण’ ही शब्दरचना गेल्या काही वर्षांत संस्थांच्या अर्जांवर आणि कार्यक्रमांच्या फलकांवर इतक्या वेळा आली आहे की वाचताना डोळा तिच्यावरून घसरून जातो. त्या शब्दांमागे एक गृहीत दडलेले असते. लोक दुबळे आहेत, कला आपल्याकडे आहे, आपण ती नेऊन दिली की ते सबळ होतील. धवलारीण हे गृहीत मोडून काढते. तिच्याकडे कला होती, कलेला जोडलेले पद होते, पदाला जोडलेला मान होता आणि मानाबरोबर बिदागीही होती. तिला कोणी सबळ केले नव्हते. तिचे बळ गेले ते कसे गेले, हा खरा प्रश्न आहे. पुढल्या पानांत गाणी, चित्रे, सोंगे, नाटके असे बरेच काही आहे. ते सारे ह्या एका प्रश्नाच्या उजेडात वाचावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

अंजूर हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात येते ते गंगाजी नाईकांमुळे. साष्टी आणि वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती तेव्हा तिथल्या रयतेची गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत नेणाऱ्यांत अंजूरकर नाईक पुढे होते. १७३७ साली ठाणे पडले, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि ह्या मोहिमेत स्थानिक वाटाडे, होड्या, बातमी आणि माणसे पुरवण्याचे काम गंगाजी आणि त्यांच्या भावांनी केले. नाईकांच्या वाड्यातला गणपती आजही गावाचा मानबिंदू आहे. इतिहासाची पुस्तके इथपर्यंत येऊन थांबतात. पण लढाईला कारण झालेल्या गाऱ्हाण्यांत जमीन आणि कर जसे होते तसे देवधर्म आणि लग्नकार्येही होती, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

वसईची मोहीम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १७३६ साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक लांबलचक फर्मान काढले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात कोणकोणत्या गोष्टी करू नयेत ह्याची त्यात यादी होती. वधूवरांना हळद लावू नये, फुले आणि विडे पाठवू नयेत, आणि बायकांनी ओव्या गाऊ नयेत. साम्राज्य चालवणाऱ्या, तोफा आणि गलबते बाळगणाऱ्या सत्तेला मांडवातल्या बायकांच्या गाण्याची दखल घ्यावीशी वाटली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. देऊळ पाडता येते, मूर्ती फोडता येते. पण बाई गात राहिली तर धर्मांतराच्या कागदावरची सही कच्चीच राहते, हे त्या पाद्र्यांना बरोबर कळले होते. आपल्या सांस्कृतिक खात्यांना ते अजून कळलेले नाही.

फर्मानाचा उपयोग किती झाला, ह्याचा पुरावा ठाणे, वसई आणि साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत आजही मिळतो. त्यांच्या लग्नात ‘उंबराचे पाणी’ असते. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशी भरून आणतात आणि वाटेवर आपल्या बोलीतली मराठी गाणी म्हणतात. चर्चमधले लग्न वेगळे, हे वेगळे. आगऱ्यांच्या मांडवातली उंबराची डहाळी आणि ख्रिस्ती घरातले उंबराचे पाणी ह्यांत खाडीचेच काय ते अंतर.

भिवंडीतून वज्रेश्वरी-पडघ्याकडे निघालो की आदिवासी पाडे लागतात. वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. तीही बाईच, तीही गाऊनच लग्न लावते. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय तो चौक पुरा झाला असे मानत नाहीत. भिवंडी शहरातले जुने रहिवासी म्हणजे कोकणी मुसलमान. त्यांच्याकडे निकाह काझी लावतो, पण हळद-मेंदीच्या रात्री बायका कोकणी बोलीत गाणी म्हणतात, आणि त्यातले निम्मे शब्द आगरी बाईला न सांगता कळतात. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांच्या बायका नवरात्रात बतुकम्मा रचतात. रानफुलांची एकावर एक उतरंड, तिच्याभोवती फेर, टाळ्यांचा ठेका आणि तेलुगू गाणी. उत्तर प्रदेशातल्या मऊ, आझमगड, बनारसकडून आलेल्या अन्सारी विणकरांच्या घरी मूल जन्मले की सोहर गातात. एकट्याने आलेल्या कामगारांकडे बिरहा आहे. गावी राहिलेल्या बायकोचा विरह पुरुषाने गायचा, ही भोजपुरी मुलखाची खास चीज. भिखारी ठाकूरांनी त्याच दुःखावर ‘बिदेसिया’ उभे केले. भिवंडीच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला ते नाटक समजावून सांगावे लागत नाही.

२०११च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. इतक्या भाषा, इतक्या जाती, इतके धर्म, आणि जवळपास प्रत्येकाकडे बाईच्या तोंडचे गाणे. महदंबेने तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हट्टापायी धवळे रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. म्हणजे आपल्या भाषेत बाईने पहिले काव्य रचले तेही मांडवासाठी. अंजूरच्या धवलारणीचा महदंबेशी धागा जोडण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही आणि तो जोडण्याची मला गरजही वाटत नाही. लग्नात गाणाऱ्या बाईला अधिकार असतो ही समजूत ह्या प्रदेशात किती खोल रुजलेली आहे, एवढे दिसले तरी पुरे.

मग हा अधिकार गेला कुठे?

अंजूर, माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी ही गावे एकेकाळी भातशेती, मिठागरे आणि खाडीतल्या मासळीवर जगत होती. मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेर, पण मुंबईला लागून, अशी ही जमीन गोदामांना सोयीची ठरली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामे राहिली, उलट वाढली. ज्या शेतात आवणी होत होती तिथे आता पत्र्याचे शेड आहेत आणि शेडमध्ये देशभरच्या ऑनलाइन खरेदीची खोकी. आवणीची गाणी शेताबरोबर गेली. त्यावर हळहळ करण्यात अर्थ नाही. चिखलात कमरेत वाकून दिवस काढलेल्या बाईला विचारा, ती गाण्यासाठी ते दिवस परत मागणार नाही. भाड्याचे पैसे आले, पक्की घरे आली, मुले शिकली, हे चांगलेच झाले.

पण पैसा आला तसा लग्नाचा आकार वाढला. हळदीला हजार माणूस, बेंजो पार्टी, डीजे, ड्रोनवाला, स्टेज. ह्या प्रत्येकाची सुपारी आधी ठरते आणि आगाऊ पैसे देऊन ठरते. धवलारणीला मात्र ‘ये गं आजी, बस’ एवढेच. लुगडे आणि काही नोटा तिच्या हातात शेवटी पडतात, त्याही उपकार केल्यासारख्या. परंपरा विसरल्यामुळे ती मागे पडली असे म्हणण्यापेक्षा ती हिशेबातून गेली असे म्हणणे खरे. गमतीची गोष्ट अशी की ह्याच काळात आगरी गाणे प्रचंड वाढले. भिवंडी, कल्याण, पनवेल पट्ट्यातली पोरे घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करतात, यूट्यूबवर टाकतात आणि लाखो लोक ती ऐकतात. हळदीची, नाखव्याची, एकवीरेची. त्यांतल्या कित्येक चाली धवल्यांच्या, म्हणजे धवलारणीच्या गाण्यांच्या, मांडीवर वाढलेल्या आहेत. चाल बाईची, आवाज पोराचा, पैसा कंपनीचा. पोरांना दोष देत नाही. त्यांनी बोलीची लाज घालवली, हे मोठेच काम झाले. फक्त श्रेयाच्या ओळीत आजीचे नाव कधी दिसत नाही.

हीच गोष्ट वारली चित्रांची झाली, आणि तिची नोंद चांगली असल्यामुळे तिथून शिकता येते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूच्या पाड्यांवर गेले. त्याआधी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना त्यांनी कागद दिला होता. इथेही दिला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी कागदावर जे केले ते थोरच होते. लग्नचौकापुरते बांधलेले चित्र त्यांनी शेत, जाळे, तारपा, मुंग्या, पाऊस अशा साऱ्या जगण्यावर पसरवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सुवासिनी ह्या सगळ्यात कुठे राहिल्या? कागदावर आलेली नावे बहुतेक पुरुषांची. भिंत विकता येत नव्हती तोवर चित्र बायकांचे होते, विकता यायला लागले तसे ते पुरुषांकडे गेले. मशे ह्यांची थोरवी ह्याने कमी होत नाही. पण अंजूर परिसरात जे कोणी उद्या गाण्याचा, चित्राचा किंवा नाटकाचा काही उपक्रम हाती घेतील त्यांनी हा इतिहास आधी वाचावा. आज कप, चादरी, विमानतळाच्या भिंती, सगळीकडे वारली माणसे नाचतात आणि पाड्यावरचे माणूस वीटभट्टीवर जाते.

आता भिवंडीची दुसरी बाजू. तिच्याविषयी न लिहिता ‘विविधतेचा उत्सव’ असे शब्द ह्या तालुक्यात वापरणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे होईल. १९७०च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीतून इथे दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल ज्यांनी चाळला असेल त्यांना माहीत आहे की मिरवणूक हीसुद्धा एक सामूहिक कला आहे, आणि तिचा रस्ता, तिचे ढोल, तिच्या घोषणा ह्यांनी माणसे मारता येतात. १९८४ साली पुन्हा तेच. माग जळाले, घरे जळाली, माणसे जळाली. सामूहिक कलेबद्दल भाबडेपणाने बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ढोल आपोआप माणसे जोडत नाही. तो कोणाच्या दारात, कोणत्या वेळी, कोणाला दाखवायला वाजतो, त्यावर सगळे असते.

आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्याआधी चार वर्षे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे त्यांचे पुस्तक ह्याच अनुभवावरचे. त्या समित्यांची खुबी अशी की त्यात पुढारी नव्हते, निदान पुढाऱ्यांना मुद्दाम आणलेले नव्हते. त्या-त्या वस्तीतली साधी हिंदू आणि मुसलमान माणसे एका खोलीत नियमाने बसत आणि नळ, गटार, भांडण, अफवा ह्यांवर बोलत. दंगलीच्या वेळी ती एकमेकांना नावाने ओळखत होती. सामूहिक कलेचे काम करणाऱ्यांसाठी माझ्या मते भिवंडीने दिलेला हा सर्वांत मोठा धडा आहे, आणि तो कलेच्या क्षेत्राबाहेरून आला आहे. प्रतिष्ठितांना बोलावू नका. ज्यांची भिंत एक आहे आणि नळ एक आहे त्यांना बोलवा. वरचेवर बोलवा. उत्सव नंतर.

आपल्याकडे नेमके उलटे होते. एक मंच उभारतात. मागे फलक, फलकावर निरनिराळ्या टोप्या घातलेली माणसे हात धरून उभी. आधी आगरी-कोळी नृत्य, मग लावणी, मग कव्वाली, मग एक ‘आदिवासी नृत्य’, जे बहुधा कॉलेजातली मुले करतात. प्रत्येकाला सात मिनिटे, सत्कार आणि भाषणांना दीड तास. कलावंत आपापल्या गाडीने येतात, आपले झाले की वडापाव घेऊन जातात. कव्वालाने तारपा ऐकलेला नसतो आणि तारपेवाल्याने कव्वाली. प्रेक्षकांत बसलेल्यांना मात्र वाटते की एकात्मता झाली. ह्या प्रकाराने कोणाचे वाईट होत नाही, म्हणून तो टिकतो. पण त्यासाठी सबलीकरण हा शब्द वापरू नये. तारपेवाल्याला ठरवण्याचा अधिकार कुठे होता? किती वेळ, काय वाजवायचे, कोणत्या प्रसंगी वाजवायचे नाही, मानधन किती, ह्यांतले एक तरी त्याने ठरवले का?

महाराष्ट्राला ह्याहून चांगली परंपरा आहे. सत्यशोधक जलसे गावोगावच्या शेतकऱ्यांनी उभे केले. तमाशाचाच बाज, पण त्यात भटशाहीची आणि सावकारीची उलटतपासणी. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे केले, ते अस्पृश्य वस्त्यांतल्या माणसांनी, त्याच वस्त्यांसाठी. चाळीसच्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावात घुमले. सेवादलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर आले. आणि १९८३ साली स्त्रीमुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आले. त्यात काम करणाऱ्या बायका व्यावसायिक नटी नव्हत्या. नोकऱ्या, संसार सांभाळून त्या तालमी करत. प्रयोग वस्तीच्या चौकात होई आणि पाहायला आलेल्या बायकांना ती आपलीच बोलणी वाटत. ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. म्हणणे त्यांचे होते, आणि ते कोणाच्या तोंडावर म्हणायचे हेही त्यांनीच ठरवले होते. पुढे शासनाने कलापथकांना योजनांच्या प्रचारासाठी घेतले. कुटुंबनियोजन, स्वच्छता, व्यसनमुक्ती. विषय चांगले, पण सूर वरून आलेला. लोक बघतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

ह्या काळातला, ह्याच जिल्ह्यातला सर्वांत अभ्यासण्याजोगा प्रयोग म्हणजे ठाण्याचा ‘वंचितांचा रंगमंच’. रत्नाकर मतकरी हे नाव मराठी वाचकाला गूढकथा आणि बालनाट्य ह्यांमुळे माहीत आहे. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात, २०१४च्या सुमाराला, त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने ठाण्यातल्या लोकवस्त्यांतल्या मुलांबरोबर हे काम सुरू केले. मतकरींनी मनात आणले असते तर स्वतःची उत्तम नाटके त्या मुलांकडून बसवून घेता आली असती, आणि त्याचे कौतुकही झाले असते. त्यांनी तसे केले नाही. विषय मुलांनी निवडायचा, संवाद मुलांनी रचायचे, पात्रे आपल्या चाळीतली, गल्लीतली. मोठ्या लेखकाने लेखणी खाली ठेवायची, ह्याला धैर्य लागते. मग त्या नाटुकल्यांतून दारू पिणारा बाप आला, पाण्याच्या रांगेतले भांडण आले, शाळा सुटलेली बहीण आली. नाटक म्हणून त्यात कच्चेपणा होता. तो राहू देण्यातच त्या कामाचे शहाणपण आहे. २०२०च्या मे महिन्यात मतकरी गेले. त्यांच्या पाठीमागे उरलेल्या पुस्तकांच्या ढिगाइतकेच हे काम मला महत्त्वाचे वाटते.

अंजूरला असे काही होऊ शकेल का? १९७८ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाच्या छोट्या गावात ॲन जेलिको ह्या नाटककर्तीने एक प्रयोग केला. सतराव्या शतकातल्या मॉन्मथच्या बंडात त्या गावाचा वाटा होता, त्यावर तिने नाटक लिहिले आणि गावातल्याच माणसांना घेऊन बसवले. कपडे गावाने शिवले, सामान गावाने जमवले, प्रेक्षक नटांमधून फिरत होते. पुढे त्या मुलखात अशा नाटकांची परंपराच झाली. अंजूरकडे तर गंगाजी नाईकांची गोष्ट आहे. वाडा आहे, खाडी आहे, गणपती आहे. पण ते नाटक पोवाड्याच्या ठरलेल्या चाकोरीतून जाणार असेल, फेटे बांधून, तलवारी उगारून ‘फिरंग्यांना बुडवले’ म्हणत संपणार असेल, तर न केलेले बरे. तशी नाटके पुष्कळ आहेत. मला ते बघायला आवडेल ते ज्यात रात्रीच्या भरतीला होडी काढणारा कोळी असेल आणि त्याला ह्या लढाईतून काय मिळाले हे तो विचारील. पोर्तुगीजांच्या फौजेतला काळा शिपाई असेल, ज्याचे मामाघर खाडीच्या ह्या काठाला आहे. ओवी म्हटली म्हणून धाक दाखवलेली ख्रिस्ती नवरी असेल. आणि ह्या भूमिका करायला अंजूरच्या घरांतून जशी माणसे येतील तशी गोदामात खोकी उचलणारी, मागावर कांडी बदलणारी माणसेही यावीत.

इथे एक अवघड गाठ आहे आणि ती आताच सोडवायला घ्यावी. ‘स्थानिक’ कोण? ज्याच्या सातबाऱ्यावर नाव तो स्थानिक, हे अंजूरचे उत्तर. त्यामागे खरी भीती आहे. जमीन गेली, बोली चालली, उद्या गावात आपलेच अल्पमत, ही भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. दुसरीकडे, १९८२च्या गिरणी संपानंतर भिवंडीचे माग वाढले तेव्हा आलेला मजूर चाळीस वर्षे इथेच राहिला. त्याची मुले इथल्या शाळांत शिकली, इथल्या बोलीत शिव्या देतात. तो पाहुणा कधीपर्यंत? त्याच्या बायकोने खोलीत बसून हजारो कांड्या भरल्या, धागे कापले. तिचे गाणे आपण ऐकलेले नाही, कारण ती कोणत्याच मंचावर बसत नाही. माझे मत असे की जमिनीच्या आणि मतदानाच्या भांडणात जे उत्तर सापडत नाही ते कलेच्या तालमीत सापडेलच असे नाही, पण तिथे निदान प्रश्न आरडाओरड न करता विचारता येतो. सोहर गाणारी आणि धवला गाणारी एका सतरंजीवर बसली तर त्या आधी एकमेकींना चाली विचारतील. ‘तुमच्यात हळद कधी लावतात?’ येथून गप्पा सुरू होतात.

अशा कामासाठी जागा कुठून आणायची, असे विचारतात. आगरी गावांत भजनी मंडळ नसलेले गाव काढून दाखवा. संत सावळाराम महाराज म्हात्रे ह्यांनी ह्या समाजात वारकरी पंथ रुजवला, त्याचे हे फळ. पेटी, पखवाज, टाळ, सभामंडप आणि ठरलेल्या वारी जमायची सवय, हे सारे तयार आहे. शहरात माग-कारखान्यांच्या गल्ल्यांतून मुशायरे होतात, दिवाणशाह दर्ग्याच्या उरुसाला कव्वाली होते. पैसा उभा करण्याआधी ही दारे ठोठवावीत. काही उघडणार नाहीत. भजनी मंडळे बहुतेक पुरुषांची आहेत आणि धवलारणीच्या गाण्याला ती भक्तिसंगीत मानत नाहीत. भांडण तिथेही आहे, आणि ते गावातच करायचे आहे.

राहता राहिली नोंदींची गोष्ट. गेल्या पन्नास वर्षांत अभ्यासकांनी धवलारणींची गाणी बरीच गोळा केली, पीएचड्या झाल्या. त्या टेपा आणि वह्या कुठे आहेत ते गाणाऱ्या बायांना माहीत नाही. ह्यापुढे जो कोणी ध्वनिमुद्रण करील त्याने एक प्रत त्या बाईच्या नातीच्या फोनमध्ये आधी टाकावी, मग स्वतःच्या संग्रहात. काही गाणी मांडवाबाहेर म्हणायची नसतात. बाई ती म्हणत नसेल तर आग्रह करू नये. नाव छापायचे की नाही हेही तिनेच सांगावे. आणि श्रम झाले असतील तर पैसे द्यावेत, नारळ-शालीवर भागवू नये.

हे पुस्तक हातात घेणाऱ्यांत अंजूरच्या आसपासच्या घरांतले लोक असतील, अशी माझी खात्री आहे. त्यांना एकच विनंती. तुळशीची लग्ने झाली की तुमच्याकडे हळदी सुरू होतील. त्या वेळी धवलारणीला आठ दिवस आधी, घरी जाऊन, बेंजोवाल्याला देता तसा आगाऊ विडा देऊन बोलवा. तिचे गाणे संपेपर्यंत डीजे बंद ठेवा. आणि तिची बिदागी डीजेच्या सुपारीपेक्षा एक रुपयाने तरी जास्त असू द्या.